दैव, यदृच्छा आणि उत्परिवर्तन : टोमासेटी व व्होगेलस्टाइन यांच्या कर्करोगमीमांसेची चिकित्सा

प्रस्तावना

कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाच्या घरात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. ‘हे आमच्याच वाट्याला का आले?’ हा पहिला आणि ‘मुलाबाळांनाही हे होणार काय?’ हा दुसरा. पहिला प्रश्न कारणाचा आहे, तर दुसरा वारशाचा. गेल्या अर्धशतकात जनुकशास्त्राने या दोन्ही प्रश्नांची बरीच उकल केली आहे. कर्करोग हा मुख्यतः पेशीतील जनुकांच्या बदलांतून, म्हणजे उत्परिवर्तनांतून उद्भवतो, हे आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. परंतु ही उत्परिवर्तने कोठून येतात, त्यांपैकी किती टाळता येतात आणि केवळ उत्परिवर्तन झाले म्हणजे कर्करोग होतोच काय, यांविषयी मात्र एकवाक्यता नाही.

या वादात अलीकडच्या काळात विशेष गाजलेला निबंध म्हणजे क्रिस्तियान टोमासेटी व बर्ट व्होगेलस्टाइन यांनी २ जानेवारी २०१५ रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध होय. दोघेही त्या वेळी अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होते. निरनिराळ्या ऊतींमधील कर्करोगाच्या प्रमाणात जो फरक आढळतो, त्याचा मोठा भाग ‘बॅड लक’मुळे आहे, असे विधान त्यांनी केले. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याचा अर्थ ‘दोन तृतीयांश कर्करोग केवळ दुर्दैवाने होतात’ असा लावला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १३ जानेवारी २०१५ रोजी या निष्कर्षाशी जाहीर असहमती नोंदवली.

प्रस्तुत लेखात या निबंधाची व त्याच लेखकांच्या २०१७ मधील पुढील निबंधाची चिकित्सा केली आहे. या मांडणीमागील जीवशास्त्रीय निरीक्षण मौलिक आहे. परंतु उत्परिवर्तन कोणामुळे घडले याचा हिशेब म्हणजे कर्करोग कशामुळे झाला याचा हिशेब नव्हे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. या दोन हिशेबांची गल्लत झाली की रोगप्रतिबंधाच्या प्रश्नावर विपरीत निष्कर्ष निघतात.

१. उत्परिवर्तनांचे तीन प्रकार

वादाचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम उत्परिवर्तनांतील भेद पाहणे आवश्यक आहे. मानवी पेशीत प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके असतात. त्यांपैकी फारच थोडी कर्करोगाशी थेट संबंधित आहेत. व्होगेलस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात अशी १३८ ‘चालक’ जनुके नोंदवली होती. एका अर्बुदात साधारणतः दोन ते आठ चालक उत्परिवर्तने असतात, असेही त्यात दाखवले होते. उरलेली बहुसंख्य उत्परिवर्तने ‘प्रवासी’ असतात. ती पेशीबरोबर वाहत येतात, परंतु तिच्या वाढीवर त्यांचा परिणाम होत नाही.

चालक जनुकांचा पहिला गट पेशीच्या वाढीला चालना देणाऱ्या जनुकांचा आहे. कोंबडीत अर्बुद निर्माण करणाऱ्या विषाणूतील ‘सार्क’ हे जनुक मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतील आहे, असे मायकेल बिशप व हॅरल्ड व्हार्मस यांनी १९७६ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले. या संशोधनास १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८२ मध्ये मानवी मूत्राशयाच्या कर्करोगपेशीतील ‘रास’ जनुकात केवळ एका अक्षराचा बदल आढळला. त्या बदलामुळे प्रथिनातील बाराव्या स्थानी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन येते आणि वाढीचा संदेश देणारी कळ दाबलेलीच राहते. अशा जनुकाची एक प्रत बिघडली तरी परिणाम होतो. दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगात ९ व २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. त्यातून निर्माण होणाऱ्या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये वापरात आले. जे प्रथिन अतिरेकी काम करते त्याला अडवणारा रेणू शोधता येतो, हे या यशाचे कारण होय.

दुसरा गट लगाम घालणाऱ्या, म्हणजे अर्बुददमनकारी जनुकांचा आहे. लहान मुलांच्या दृष्टिपटलात होणाऱ्या कर्करोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये ‘दोन आघातां’चा सिद्धांत मांडला. ज्या मुलांना एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळते, त्यांच्या पेशीत दुसरा एकच आघात पुरतो. म्हणून रोग लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. इतर मुलांत एकाच पेशीवर दोन्ही आघात व्हावे लागतात. ‘टीपी५३’ हे या गटातील सर्वांत परिचित जनुक असून सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत ते बिघडलेले आढळते. येथे उपचाराची अडचण वेगळी आहे. अतिरेक थोपवता येतो, परंतु जे प्रथिन नाहीसेच झाले ते परत आणणे अवघड असते.

तिसरा गट डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांचा. १९९४ मध्ये ‘बीआरसीए१’ आणि १९९५ मध्ये ‘बीआरसीए२’ या जनुकांचा शोध लागला. ही जनुके बिघडल्याने पेशी लगेच कर्करोगी होत नाही; मात्र तिच्यात नव्या चुका साठत जाण्याचा वेग वाढतो. या जनुकांतील वारशाने आलेल्या घातक उत्परिवर्तनामुळे स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जाते. हे उत्परिवर्तन आईकडून येते तसेच वडिलांकडूनही येऊ शकते, ही गोष्ट कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास विचारताना अनेकदा दुर्लक्षित राहते.

या तिन्ही गटांतील कोणतेही जनुक ‘कर्करोगाचे जनुक’ नाही. ती शरीराच्या नित्य व्यवहाराची जनुके आहेत. कर्करोग त्यांच्या असण्याने होत नाही. त्यांच्या बिघडण्याने, आणि तोही बहुधा अनेक बिघाड एकाच पेशीवंशात एकत्र आल्याने होतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ‘एपीसी’, ‘केरास’ आणि ‘टीपी५३’ यांसारखी जनुके टप्प्याटप्प्याने बिघडत जातात, हे प्रतिमान एरिक फिअरन व व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये मांडले होते. २०१५ च्या निबंधाकडे वळताना हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण कर्करोगाच्या बहुटप्पी स्वरूपाचा इतका स्पष्ट नकाशा काढणाऱ्या शास्त्रज्ञाचीच ही पुढील मांडणी आहे.

२. निबंधाचा युक्तिवाद आणि त्याचे मोल

निबंधाचा आरंभबिंदू एक जुने कोडे आहे. काही अवयवांत कर्करोग वारंवार होतो, तर काहींत क्वचितच. लहान आतडे मोठ्या आतड्यापेक्षा कितीतरी लांब. अन्नातील घातक द्रव्येही त्यातून जातात. तरीही मोठ्या आतड्याचा कर्करोग अधिक आढळतो. हा फरक केवळ बाह्य कारणांनी अथवा वारशाने समजावता येत नाही.

लेखकांचे उत्तर असे : प्रत्येक ऊतीत काही मूलपेशी असतात आणि त्या आयुष्यभर विभागत राहतात. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नकलेत काही चुका राहून जातात. म्हणून ज्या ऊतीत मूलपेशींची विभाजने अधिक, तेथे चुका अधिक व कर्करोगही अधिक असला पाहिजे. हे तपासण्यासाठी त्यांनी ३१ प्रकारच्या कर्करोगांची अमेरिकेतील आजीवन जोखीम आणि संबंधित ऊतीतील मूलपेशींची एकूण विभाजने यांची तुलना केली. दोहोंतील सहसंबंध गुणांक ०.८१ च्या घरात आला. त्याचा वर्ग सुमारे ०.६५. म्हणजे ऊती-ऊतींमधील फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग विभाजनांच्या संख्येने समजावता येतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ३१ पैकी २२ कर्करोगांत यदृच्छेचा प्रभाव मोठा असून उरलेल्या ९ कर्करोगांत बाह्य कारणे अथवा वारसा यांची भर ठळक आहे, अशी विभागणीही त्यांनी केली. धूम्रपान करणाऱ्यांचा फुप्फुसाचा कर्करोग या दुसऱ्या गटात येतो.

या युक्तिवादाचे मोल कमी लेखता येणार नाही. माणसात मोठ्या आतड्यातील मूलपेशी अधिक वेळा विभागतात. उंदरात याच्या उलट लहान आतड्यातील. आणि ‘एपीसी’ जनुक बिघडलेल्या उंदरात अर्बुदेही लहान आतड्यातच अधिक होतात. एकाच जनुकातील बिघाडाचा परिणाम कोणत्या ऊतीत होईल, याचे हे समाधानकारक स्पष्टीकरण आहे. शिवाय या मांडणीला एक मानवी बाजू आहे. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या तान्ह्या मुलाची आई आपल्या खाण्यापिण्यात, वागण्यात चूक शोधत राहते. नकलेतील चूक ही कोणाचीही चूक नसते, एवढे शास्त्राने सांगणे हेही तिच्यासाठी थोडेथोडके नाही.

३. फरकाचे स्पष्टीकरण म्हणजे कारणाचा वाटा नव्हे

अडचण निरीक्षणात नाही. त्यावरून निघालेल्या निष्कर्षात आहे. ‘ऊती-ऊतींमधील फरकाचा दोन तृतीयांश भाग’ आणि ‘दोन तृतीयांश कर्करोग’ ही दोन विधाने सर्वस्वी भिन्न आहेत. ही गल्लत केवळ वृत्तपत्रांची म्हणून सोडून देता येत नाही. ‘बॅड लक’ हा शब्दप्रयोग खुद्द निबंधाच्या सारांशातच आहे. तो बातमीदारांनी शोधून काढलेला नाही.

एक साधे उदाहरण घेता येईल. एखाद्या तालुक्यातील गावागावांच्या ज्वारीच्या उताऱ्यात जो फरक पडतो, त्याचा मोठा भाग जमिनीच्या पोताने समजावता येतो, असे मानू. एके वर्षी दुष्काळ पडतो आणि प्रत्येक गावाचा उतारा निम्म्यावर येतो. काळ्या जमिनीचे गाव पुढेच राहते, मुरमाड जमिनीचे मागेच. गावागावांतील फरक अजूनही जमिनीच्या पोतानेच समजतो, तोही तितक्याच प्रमाणात. यावरून पीक बुडण्यास दुष्काळ कारण नाही, असे कोणी म्हणणार नाही. दुष्काळ सर्वांवर सारखाच आला, म्हणून तुलनेत तो दिसेनासा झाला, इतकेच.

हाच दोष गणिताच्या भाषेत अधिक स्पष्ट होतो. निबंधातील तुलना लघुगणकी मोजपट्टीवर केलेली आहे. उद्या एखाद्या बाह्य कारणाने सर्व ऊतींतील कर्करोगाची जोखीम दहापट झाली, असे समजा. आलेखावरील सर्व बिंदू सारख्याच अंतराने वर सरकतील. सहसंबंध गुणांक पूर्वीइतकाच, ०.८१ राहील. मात्र त्या जगातील दर दहा कर्करोगांपैकी नऊ त्या नव्या कारणामुळे झालेले असतील. ज्या संख्येवर एवढ्या मोठ्या कारणाचाही परिणाम होत नाही, ती संख्या कारणांचे वाटे कसे सांगू शकेल?

निवडलेल्या सामग्रीचाही विचार केला पाहिजे. २०१५ च्या यादीत स्तन व पुरःस्थ ग्रंथी या दोन अतिशय सामान्य कर्करोगांचा समावेश नव्हता. उलट हाडांच्या एका दुर्मीळ कर्करोगाच्या हात, पाय, डोके, श्रोणी अशा स्वतंत्र नोंदी होत्या. आलेखावर प्रत्येक नोंदीचे वजन सारखेच. लाखो रुग्णांचा कर्करोग आणि मोजक्या रुग्णांचा कर्करोग येथे एकेका बिंदूइतकेच स्थान व्यापतात. अशा आलेखावरून ऊतींच्या स्वभावाविषयी बोलता येते. रुग्णांच्या संख्येविषयी नाही.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. पेशीविभाजनांची संख्या ही निव्वळ यदृच्छेची मोजणी आहे, हे गृहीतकच तपासण्याजोगे आहे. दीर्घकाळच्या हिपॅटायटिस-बी संसर्गात यकृताच्या पेशी मरतात आणि त्यांची जागा भरण्यासाठी इतर पेशी पुन्हा पुन्हा विभागतात. येथे विभाजन वाढले ते विषाणूमुळे. तसेच बाह्य द्रव्याने डीएनएवर केलेला आघात दुरुस्त होण्यापूर्वी पेशी विभागली, तरच तो कायम होतो. म्हणजे विभाजन आणि पर्यावरण ही दोन स्वतंत्र खाती नसून गुणाकारातील दोन घटक आहेत. गुणाकारातील घटकांना बेरजेसारखे टक्के वाटून देता येत नाहीत. आयताच्या क्षेत्रफळाचा किती टक्के भाग लांबीमुळे व किती रुंदीमुळे, हा प्रश्नच जसा निरर्थक, तसाच हा प्रकार आहे.

४. २०१७ चा निबंध : दुरुस्ती आणि उरलेली त्रुटी

टोमासेटी व व्होगेलस्टाइन यांनी टीकेची दखल घेतली, हे नमूद केले पाहिजे. मार्च २०१७ मध्ये लू ली यांच्यासह त्यांनी ‘सायन्स’मध्येच दुसरा निबंध प्रसिद्ध केला. त्यात ६९ देशांतील १७ प्रकारच्या कर्करोगांची सामग्री वापरली आणि स्तन व पुरःस्थ ग्रंथींचाही समावेश केला. या वेळी त्यांनी ऊतींमधील फरकाऐवजी उत्परिवर्तनांचाच उगम मोजण्याचा प्रयत्न केला. ३२ प्रकारच्या कर्करोगांचा एकत्रित विचार करता ६६ टक्के उत्परिवर्तने नकलेतील चुकांमुळे, २९ टक्के पर्यावरणामुळे आणि ५ टक्के वारशामुळे होतात, असे त्यांचे अनुमान आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे प्रमाण अनुक्रमे ७७, १८ व ५ टक्के, तर फुप्फुसाच्या कर्करोगात पर्यावरणाचा वाटा ६५ टक्के व नकलेतील चुकांचा ३५ टक्के येतो.

या निबंधातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मात्र बातम्यांत मागे पडला. उत्परिवर्तनांतील यदृच्छेचा वाटा आणि कर्करोग टाळता येण्याचे प्रमाण या वेगळ्या गोष्टी आहेत, असे लेखकांनी स्वतःच येथे स्पष्ट केले. फुप्फुसाच्या कर्करोगातील ३५ टक्के उत्परिवर्तने यादृच्छिक असली, तरी त्या कर्करोगाचे सुमारे ९० टक्के रुग्ण धूम्रपानासारखी कारणे दूर केल्यास टाळता येतात. यात विसंगती नाही. एका पेटीला तीन कुलपे आहेत आणि तिन्ही किल्ल्या तीन माणसांकडे आहेत, अशी कल्पना करावी. तिघे जमल्याखेरीज पेटी उघडत नाही. दोघे आपोआप येऊन ठाकले, तरी तिसऱ्याला घरीच थोपवले की पेटी बंद राहते. तीन चालक उत्परिवर्तनांपैकी दोन यादृच्छिक आणि एक तंबाखूमुळे झालेले असेल, तर ‘दोन तृतीयांश दुर्दैव’ हे वर्णन अंकगणिताने बरोबर ठरते. तरीही तो कर्करोग पूर्णपणे टाळण्याजोगा असतो.

ही दुरुस्ती मोलाची आहे. पण एक त्रुटी उरते. यदृच्छेचे खाते बव्हंशी वजाबाकीने भरलेले आहे. ज्ञात पर्यावरणीय कारणे व वारसा वगळल्यावर जे उरते, ते नकलेतील चुकांच्या नावे जमा होते. म्हणजे ज्याचे बाह्य कारण अद्याप सापडलेले नाही, तेही यदृच्छाच ठरते. इतिहास येथे सावधगिरी शिकवतो. चीनमधील चिडोंग परिसरात व दक्षिण आफ्रिकेत यकृताच्या कर्करोगात ‘टीपी५३’ जनुकाच्या २४९ व्या स्थानी एकच विशिष्ट बदल वारंवार आढळतो, असे १९९१ मध्ये दिसून आले. बुरशी लागलेल्या मका व भुईमुगातील अफ्लाटॉक्सिन या विषाशी तो निगडित आहे. तंबाखूचा धूर आणि सूर्याचे अतिनील किरण यांचेही डीएनएवर असेच ओळखू येणारे ठसे उमटतात. ठसा ओळखता येईपर्यंत मात्र प्रत्येक बदल आपोआप झालेलाच दिसतो.

५. उत्परिवर्तन पुरेसे आहे काय?

वरील आक्षेप हिशेबातील आहेत. याहून खोल प्रश्न असा की, चालक उत्परिवर्तन म्हणजेच कर्करोगाचा आरंभ मानावा काय? २०१५ नंतरच्या संशोधनाने या समजाला चांगलाच धक्का दिला आहे.

इंग्लंडमधील इनिगो मार्टिनकोरेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चार व्यक्तींच्या पापणीच्या निरोगी त्वचेतील २३४ सूक्ष्म नमुने तपासले. दिसायला पूर्णपणे निरोगी असलेल्या या त्वचेतील १८ ते ३२ टक्के पेशींत चालक उत्परिवर्तने आढळली. २०१८ मध्ये अन्ननलिकेच्या अभ्यासात त्याहून आश्चर्यकारक चित्र दिसले. मध्यमवयीन व वृद्ध व्यक्तींच्या निरोगी अन्ननलिकेत ‘नॉच१’ हे जनुक बिघडलेल्या पेशींनी फार मोठा पृष्ठभाग व्यापलेला होता. इतका की, हे उत्परिवर्तन अन्ननलिकेच्या कर्करोगापेक्षा निरोगी अस्तरातच अधिक प्रमाणात आढळले. मग ज्याला ‘चालक’ म्हणावे ते नेमके काय चालवते?

उत्तराचा एक धागा जुना आहे. १९४० च्या दशकात आयझॅक बेरेनब्लम व फिलिप शुबिक यांनी उंदरांच्या त्वचेवर प्रयोग केले. कर्कजनक द्रव्याचा एकच अल्प लेप दिला तर सहसा अर्बुद होत नसे. केवळ जमालगोट्याचे तेल लावले तरी होत नसे. परंतु आधी तो लेप आणि नंतर, काही आठवड्यांच्या अंतरानेही, तेल वारंवार लावले की अर्बुदे उगवत. पहिल्या द्रव्याने बीज पेरले. दुसऱ्याने जखम व दाह निर्माण करून ते रुजवले.

हेच तत्त्व २०२३ मध्ये शहरी हवेच्या संदर्भात पुन्हा पुढे आले. विल्यम हिल, चार्ल्स स्वॉन्टन व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी फुप्फुसाच्या नमुन्यांपैकी १८ टक्क्यांत ‘ईजीएफआर’ आणि ५३ टक्क्यांत ‘केरास’ जनुकाची चालक उत्परिवर्तने आढळली. हवेतील पीएम २.५ हे सूक्ष्म कण फुप्फुसात दाह निर्माण करतात आणि त्यामुळे आधीपासून सुप्त असलेल्या या पेशी वाढीस लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. या कणांना नवे उत्परिवर्तन घडवावे लागत नाही. आता अशा रुग्णाचा हिशेब २०१७ च्या पद्धतीने मांडून पाहावा. उत्परिवर्तन आपोआप झालेले, म्हणून ते यदृच्छेच्या खाती. प्रदूषणाने डीएनएवर ठसा सोडलेलाच नाही, म्हणून त्याचे खाते कोरे. रोग पेटवणारा घटक हिशेबातून निसटतो तो असा.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उदाहरणही असेच बोलके आहे. मानवी पॅपिलोमा विषाणूचे ई६ हे प्रथिन पेशीतील पी५३ प्रथिनाचा नाश घडवते आणि ई७ हे प्रथिन आरबी प्रथिनाला निकामी करते. दोन्ही लगाम सुटतात, परंतु त्यांची जनुके बहुधा शाबूतच असतात. केवळ या जनुकांतील बदल मोजणाऱ्याला येथे काहीच दिसणार नाही. या विषाणूचा कर्करोगाशी असलेला संबंध उलगडणाऱ्या हॅराल्ड झुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि याच ज्ञानावर आजची प्रतिबंधक लस उभी आहे. ‘दुर्दैव’ मानून थांबले असते, तर ती लस निर्माण झाली नसती.

६. मराठी संज्ञांचा प्रश्न आणि मुखाचा कर्करोग

ही चर्चा मराठीत आणताना भाषेची एक स्वतंत्र अडचण उभी राहते. ‘बॅड लक’चे भाषांतर सहजच ‘दैव’, ‘नशीब’ अथवा ‘प्रारब्ध’ असे होते. परंतु दैव म्हणजे आधीच ठरलेले; कपाळी लिहिलेले. निबंधकारांना अभिप्रेत असलेली गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. नकलेतील चूक कोणत्या पेशीत, कोणत्या अक्षरात होईल, हे आधी ठरलेले नसते. तिच्यासाठी ‘यदृच्छा’ ही संज्ञा योग्य आहे. दैवापुढे माणूस हात टेकतो. यदृच्छेची शक्यता मात्र वाढवता येते, तशी कमीही करता येते. ‘दैव’ हा शब्द आला की प्रतिबंधाचा विचारच संपतो.

दुसरी गल्लत ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ या शब्दांची आहे. कर्करोग हा जनुकीय रोग आहे, असे म्हटले की तो घराण्यातून येतो असे समजले जाते. वस्तुतः बहुतेक उत्परिवर्तने शरीराच्या एखाद्या पेशीत, जन्मानंतर घडतात आणि त्या व्यक्तीबरोबरच संपतात. ती पुढील पिढीत जात नाहीत. वारशाने आलेल्या एकाच प्रबळ उत्परिवर्तनामुळे होणारे कर्करोग साधारण ५ ते १० टक्केच आहेत. मुलांना हे होणार काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच बहुतेक घरांत दिलासा देणारे आहे. हा भेद भाषेत पुसला गेला, तर रोग लपवला जातो आणि घरातील मुलामुलींच्या विवाहावरही त्याची छाया पडते.

या दोन्ही गल्लतींची किंमत कोठे मोजावी लागते, हे मुखाच्या कर्करोगात दिसते. गाल व हिरडी यांच्यामधल्या खाचेत होणारा कर्करोग हा भारतातील तंबाखूच्या सवयीशी जोडलेला आहे, कारण मळलेल्या तंबाखूचा बार नेमका तेथेच धरला जातो. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच प्रकल्पाच्या भारतीय गटाने अशा ५० रुग्णांच्या अर्बुदांतील जनुकांचे वाचन प्रसिद्ध केले. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकसंच संस्था व नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. ‘टीपी५३’, ‘फॅट१’, ‘कॅस्प८’, ‘एचरास’ व ‘नॉच१’ या परिचित जनुकांबरोबर ‘यूएसपी९एक्स’, ‘एआरआयडी२’ यांसारखी जनुकेही वारंवार बिघडलेली आढळली. रुग्ण एकाच सवयीचे, अवयव एक. तरी प्रत्येकाच्या अर्बुदातील बिघाडांची यादी निराळी. यदृच्छा येथे आहेच. कोणते जनुक बिघडेल हे तिने ठरवले. ते बिघडण्याची संधी मात्र तंबाखूने दिली.

तंबाखू व सुपारी यांचे कर्कजनकत्व सिद्ध झालेले आहे. धूरविरहित तंबाखूप्रमाणेच नुसती सुपारीही मानवात कर्कजनक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. असे असता ‘तंबाखू न खाणाऱ्यालाही होतोच की’ हा युक्तिवाद पानाच्या टपरीवर नेहमी ऐकू येतो. तीन कुलपांचे गणित हे त्याला उत्तर आहे. न खाणाऱ्यालाही क्वचित तिन्ही किल्ल्या आपोआप जुळतात, हे खरे. म्हणून एक किल्ली आपल्या हाताने रोज गालात धरण्याचे समर्थन होत नाही.

समारोप

टोमासेटी व व्होगेलस्टाइन यांच्या मांडणीने कर्करोगविचारात एका उपेक्षित घटकाला स्थान मिळवून दिले. प्रत्येक रोगाला कोणीतरी दोषी असलाच पाहिजे, हा आग्रह त्यांनी सैल केला. २०१७ च्या निबंधात त्यांनी आपल्या विधानाची मर्यादाही आखली. त्यांचे श्रेय यात निःसंशय आहे.

तथापि उत्परिवर्तनांचा उगम, त्यांची जुळणी आणि त्यांना रोगाचे रूप देणारी परिस्थिती या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. टोमासेटी व व्होगेलस्टाइन यांचा हिशेब पहिल्या पायरीचा आहे. निरोगी त्वचेतील, अन्ननलिकेतील व फुप्फुसातील उत्परिवर्तने सांगतात की पहिली पायरी बहुतेक सर्वच माणसे वयोमानाने चढतात. पुढच्या पायऱ्या सर्वजण चढत नाहीत. धूर, तंबाखू, विषाणू व दूषित हवा यांचे कार्य त्या पुढच्या पायऱ्यांवरही चालते आणि समाजाला हस्तक्षेप करण्याची जागाही तेथेच आहे.

‘हे आमच्याच वाट्याला का आले?’ या प्रश्नाला म्हणून एकच उत्तर देता येत नाही. आजारी मुलाच्या आईला ‘यात तुमची चूक नाही’ असे सांगणे शास्त्राला धरून आहे. तेच वाक्य तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या किंवा हवा दूषित करणाऱ्याच्या बचावासाठी वापरले जाते, तेव्हा मात्र ते शास्त्र राहत नाही.